सीट उघडी का होती

अण्णा,

आठ ऑक्टोबर दोन हजार आठ, दसऱ्याचा आदला दिवस, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी गॅरेजच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ तुम्ही मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायचात, तेव्हा नऊ पस्तीस धरा. पाच मिनिटांची सवलत दिली. यापुढे या पत्रात तुम्हाला कसलीही सवलत मिळणार नाही.

तक्रार कशी लिहायची ते आम्हाला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं. आधी तारीख आणि वेळ, मग घडलेली गोष्ट, मग आपली मागणी, शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते. रडगाणं नको आणि विशेषणं नकोत. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझं आयुष्य लोकांच्या तक्रारी वाचण्यात गेलं आणि त्यातल्या एकालाही ही रीत माहीत नव्हती. तुम्ही फी भरून मला जे शिकवलंत ते आज तुमच्यावरच वापरते आहे. विशेषणांचं वचन मात्र देत नाही.

त्या सकाळी मी बाजारातून झेंडू घेऊन आले. गॅरेजसमोर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली रांगेनं लागलेल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या फुकट धुऊन द्यायच्या हा तुमचा शिरस्ता, आणि अर्धं पनवेल त्या शिरस्त्याची वर्षभर वाट बघायचं. पण वॉशिंग पंपाची गन दरवर्षीप्रमाणे तुमच्या मिस्त्रींच्या हातात नव्हती. ती तुमच्या हातात होती. गुडघे गेल्यापासून तुम्ही खुर्चीत बसून हुकूम सोडायचात, स्वतःच्या हातानं गाडी धुतल्याला तुम्हाला कित्येक वर्षं झाली होती. आणि आज तुम्ही पँट दुमडून, एक हात भिंतीला टेकून, माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरसमोर उभे होतात. स्कूटरची सीट उघडी होती आणि पाण्याची धार सरळ आत चालली होती.

मी ओरडले. तुम्हाला पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं तुम्ही म्हणू शकता. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. धार थांबली तसे तुम्ही वळलात आणि म्हणालात, "लाइट गेली का?"

"लाइट गेली नाही. पंप मी बंद केला. हिला पंप लावायचा नाही म्हणून मी सांगितलं होतं, अण्णा. दोनदा. मिस्त्रींसमोर."

"पावसात चालवतेस ना? मग पाण्याला कशाला भिते तुझी गाडी?"

"पाऊस सीटच्या आत पडत नाही."

तुम्ही गन खाली ठेवलीत, हात पँटला पुसलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वरून काय, कोणीही धुतो."

एवढंच. नंतर दीड वर्ष तुम्ही जगलात, रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचं जेवलात, आणि त्या धुण्याबद्दल याहून जास्त एक शब्द बोलला नाहीत.

ती स्कूटर मी का घेतली होती हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी लिहिते, कारण तक्रारीत सगळं यायला हवं. आई करंजाची. बंदरावरची, जिथे मासळीचा लिलाव चालू असताना बोलायचं तर वाऱ्याच्या वर आवाज काढावा लागतो. लग्न होऊन ती पनवेलच्या गल्लीत आली, खाली गॅरेज आणि वर दोन खोल्या, आणि तिला पहिलं नवल वाटलं ते इथे वारा येत नाही याचं. त्याच दोन खोल्यांत तिनं पन्नास वर्षं काढली. तिचं स्वयंपाकघर बरोबर तुमच्या ट्यूनिंगच्या जागेच्या वर होतं. खाली गाडी गरम करायला लावली की जिन्यातून निळा धूर वर यायचा आणि आई पातेल्यावर झाकण टाकायची. पातेल्यावर झाकण, तोंडाला पदर. लहानपणी मला वाटायचं, स्वयंपाक असाच करतात.

आईला तपासून डॉक्टरांनी विचारलं, "यांनी चुलीसमोर फार वर्षं काढली का?" मी म्हटलं, गॅस आहे. "घरात कोणी सिगारेट ओढतं?" कोणी नाही. "मग?" मी म्हटलं, खाली माझे वडील आहेत. डॉक्टरांना तो विनोद वाटला.

सहावीत असताना सिस्टरनी मला वर्गात शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसवलं होतं, कारण माझ्या ब्लाउजला पेट्रोलचा वास येतो अशी शेजारच्या मुलीनं तक्रार केली. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही कार्बोरेटर फुंकत होतात. फुंकणं पुरं केलंत आणि म्हणालात, "ह्या वासावर तू इंग्रजी शिकतेस. वास नको असेल तर इंग्रजी पण सोड." मी त्या दिवसापासून वासाबद्दल बोलले नाही. आईनंही तेच केलं असणार, फक्त तिला कोणी इंग्रजी शिकवलं नाही.

तर आईची छाती इतकी बिघडली की तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवेना. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, खाडीकाठच्या गावात दिलेली. तिच्या ओट्यावर बसलं की खाडीचा वारा थेट अंगावर यायचा, आणि तिथे आई माणसात यायची. पण तिथे जायला डिझेलची सहा आसनी रिक्षा, ज्यात खरं तर दहा जण बसतात. "त्या रिक्षात बसली का माजा जीव वर येतो," आई म्हणायची. तुमच्या मोटरसायकलवर ती बसायची नाही आणि माझी जुनी मोपेड धूर सोडण्यात तुमच्या गॅरेजचीच लेक होती. आईसाठीच मी नोकरी मुदतीआधी सोडली होती, आणि तिला न्यायचं कुठे तर गॅलरीपर्यंत, अशी अवस्था. तेव्हा खांदा कॉलनीत एका दुकानात मी ती स्कूटर पाहिली. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, घरच्या विजेवर चार्ज होते. वेग सायकलवाल्याला लाजवील एवढाच. मला वेग नको होता. मला एक चाकांची खुर्ची हवी होती जी धूर सोडत नाही.

तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारलीत. मिस्त्री आणि चार गिऱ्हाइकं तुमच्या तोंडाकडे बघत उभे. "किक कुठे?" तुम्ही विचारलंत. किक नाही. "प्लग?" प्लग नाही. "ऑइल कुठलं टाकायचं?" ऑइल लागत नाही. "मग माणूस करणार काय हिचं?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. मग म्हणालात, "शिवणयंत्राला चाकं लावलीत बाई. घाल पदराखाली."

त्यानंतर रोज काहीतरी. दुपारचं भारनियमन सुरू झालं की खालून हाक यायची, "तुझी गाडी झोपली का ग?" मी रात्री चार्ज करायची, तर म्हणायचात, वीज काय आकाशातून पडते, कुठेतरी कोळसाच जळतो. या एका मुद्द्यावर तुमचं बरोबर होतं आणि ते मी त्याच वेळी मान्य केलं होतं. मी म्हटलं होतं, "जळू दे कोळसा. पण आईच्या नाकाखाली नको." तुम्हाला उत्तर येत नसलं की तुम्ही पाना शोधायला लागायचात.

आणि अण्णा, ती गाडी चालत होती. संध्याकाळी उन्हं उतरली की आई जिना एकेक पायरी उतरायची, मध्ये दोनदा बसायची, मग मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची आणि माझ्या खांद्याला धरायची. गल्लीतून निघालो की कोणाला कळायचंही नाही. मुख्य रस्ता ओलांडेपर्यंत ती पदर तोंडाला धरून असायची, कळंबोलीकडे जाणारे ट्रक आपला धूर देऊन जायचे, पण एकदा खाडीच्या रस्त्याला लागलो की पदर खाली. पहिल्या दिवशी तिनं वाकून चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ग, गारी चालू हाय ना?" मी म्हटलं, चालूच आहे, आपण पुढे जातोय बघ. "आवाज नाय, वास नाय," ती म्हणाली, "होडी हाय का ही?" करंजाच्या पोरीनं दिलेलं प्रशस्तिपत्र. मावशीच्या ओट्यावर बोंबील वाळत टाकलेले असायचे, दोघी बहिणी शेजारी बसून कावळे हाकलायच्या आणि भांडायच्या. आई एका दमात भांडायची. घरी तिला एक वाक्य पुरं करायला तीन थांबे लागायचे, आणि तिथे ती मावशीच्या सुनेची अख्खी कुंडली न खोकता काढायची. तुम्ही ते कधी पाहिलं नाहीत. तुम्हाला दोन वेळा बोलावलं होतं. "मी काय त्या शिवणयंत्रामागे धावू?" असं म्हणालात.

हे तुम्ही पाण्यात घातलंत. मागणीवर येण्याआधी एवढं स्पष्ट असू द्या. स्कूटर नाही, हे.

दसऱ्याच्या सकाळी रांग लागली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि मग तुमची ती प्रथा, जी कुठल्या शास्त्रात सांगितली होती हे मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांनी आपापल्या गाड्या एकदम स्टार्ट करायच्या आणि एकदम ॲक्सिलरेटर पिळायचा. "देवाला कळलं पाहिजे, गाड्या चालू हायत," असं तुम्ही म्हणायचात. देवाला कळायचं, वर आईलाही कळायचं. त्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे माझी स्कूटर होती. मी लावली नव्हती, तुम्ही लावून घेतली होतीत, आणि तिच्या हँडलला सगळ्यात जाड हार होता. मला वाटलं, थट्टा. तुम्ही मला म्हणालात, "चल, तुझी पण फिरव." मी चावी फिरवली. दिवा लागला नाही. पुन्हा फिरवली. मागे सगळ्या गाड्या भडभडत होत्या, माणसं माना उंच करून बघत होती. तुमच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही, आणि त्याबद्दल आज मला स्वतःचाच राग येतो, कारण तिथे उत्तर असतं. मी फक्त ऐकलं. तुम्ही म्हणालात, "मेली की ही." आणि सगळं पनवेल हसलं.

मिस्त्री हसले नाहीत. तुमच्याकडे पस्तीस वर्षं काम केलेला माणूस, तुम्हाला सेठ म्हणणारा आणि मला बेटी. संध्याकाळी त्यांनी सीटखालचा कंट्रोलर उघडला. त्यातून पाणी ओघळलं. "बेटी, ह्याचं दिमाग भिजलं," ते म्हणाले. "नवा आणावा लागेल." मी खांदा कॉलनीत गेले तर दुकानाचं शटर खाली. पुन्हा गेले, पुन्हा खाली. दिवाळीनंतर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. कंपनीचा फोन लागेना, आणि टेलिफोनच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, तो खरंच बंद होता. "बघ," तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "पळाले. गॅरेज कुठे पळतं का?" मी तुमच्या ताटात आमटी वाढली. ती तुमच्या डोक्यावर ओतायला हवी होती.

आई हिवाळ्यात गेली. खाडीवर पुन्हा न जाता. मावशी यायची तर जिन्यातच धुरानं खोकायची आणि आईला आणखी खोकला यायचा, मग दोघींनी ते सोडलं. शेवटी आई गॅलरीच्या दारात पाट टाकून बसायची आणि खाली झाकलेल्या स्कूटरकडे बघायची. मी तिच्यासमोर तुम्हाला शिव्या दिल्या, सभ्य शिव्या, कॉन्व्हेंटवाल्या. तिनं मला थांबवलं. काय म्हणाली ते नंतर सांगते, कारण ते तुमच्या बाजूचं आहे आणि तुमची बाजू शेवटी.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही पुन्हा गाड्या पिळल्यात. या वेळी वर कोणी खोकलं नाही. मी गॅलरीत उभी होते. आवाज थांबल्यावर तुम्ही मान वर करून जिन्याकडे पाहिलंत, बराच वेळ. ते मी पुराव्यात धरलेलं नाही.

आता सूड. तुम्ही गेल्यावर मिस्त्रींनी काही वर्षं गॅरेज रेटलं, मग त्यांचे डोळे गेले. कुलूप लागलं. यंदा मी ती जागा भाड्यानं दिली. कोणाला दिली ते नीट वाचा. एका बाईला. ज्या गॅरेजमध्ये धंद्याच्या वेळी घरच्या बायकांनी पाय ठेवायचा नाही असा तुमचा हुकूम होता, तिथे आता एक तिशीतली बाई पाना घेऊन बसते. आणि काय विकते, तर इलेक्ट्रिक मोटरसायकली. शिवणयंत्रं नव्हेत, मोटरसायकली. तुमच्या त्या भडभडणाऱ्या लाडक्यांना सिग्नलवरून मागे टाकतील अशा. बॅटरी डब्यासारखी काढून हातात घेतात आणि वरच्या मजल्यावर नेऊन चार्ज करतात. दिवसभर घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारी माणसं तिच्याकडून गाड्या घेतात, कारण पेट्रोल त्यांना परवडत नाही आणि दिवसभराचा धूर छातीलाही परवडत नाही. पावसात रस्त्यावर तळं झालं तरी त्या चालतात. त्यांचा कंट्रोलर बंद डबीत असतो, पाणी जात नाही. ते ऐकलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं. "आंटी, जातच नाही," ती म्हणाली. "जेट मारला तरी?" "तरी." मी वर येऊन दार लावून बसले होते.

तुमचा बोर्ड मी उतरवला. स्वतः उभी राहून उतरवला. फरशी घातली, तरी तुमच्या ट्यूनिंगच्या जागी सांध्यांतून काळं ऑइल वर येतं, पुसलं की पुन्हा येतं. तुमचा स्वभाव. भाड्याच्या करारात मी तीन अटी घातल्या. पेट्रोलची गाडी आत आणायची नाही. पाण्याचा पंप लावायचा नाही. आणि तिसरी अट ऐकाच. या नव्या मोटरसायकलींपैकी एकीत स्पीकर बसवलेला आहे, बटण दाबलं की इंजिनाचा खोटा आवाज येतो. गिऱ्हाइकांना आवाजाशिवाय करमत नाही म्हणे. तुमच्यासारखीच माणसं, अण्णा, संपता संपत नाहीत. तिनं मला लावून दाखवला. डबा वाजवल्यासारखा आवाज. तुमची सगळी ऐट, ती प्रथा, देवाला कळवणं, सगळं एका एवढ्याशा स्पीकरमध्ये मावलं. मी म्हटलं, "हा इथे वाजवायचा नाही." ती म्हणाली, "का आंटी? लोक मागतात." मी म्हटलं, "वर माणसं राहतात." वर आता मी एकटीच असते.

मला वाटलं होतं, एवढ्यानं माझं समाधान होईल. झालंही होतं, गणपतीपर्यंत.

मग तिनं विचारलं, "आंटी, दसऱ्याला इथे पूजा कशी करायची? तुमच्याकडे काही पद्धत होती का?" मी म्हटलं, होती, आता नाही. "मग वडिलांचा फोटो लावू का भिंतीवर? जागा त्यांची ना. नुसत्या गाड्यांना हार घालायचा आणि त्यांना नाही, बरं नाही दिसत." तुमचा फोटो माळ्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून. मी तिला सांगितलं, विचार करून सांगते. यंदा दसरा आठ ऑक्टोबरलाच आला आहे.

विचार करणं म्हणजे तुमची बाजू ऐकणं आलं. तुमच्या बाजूनं बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुमची वकीलही मीच झाले. वकील म्हणते, मोपेड आठव. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही भंगारातल्या तीन गाड्यांचे भाग जोडून मला मोपेड करून दिली होतीत. देण्याआधी तिचा एकेक भाग सुटा करून, आतून धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून पुन्हा बसवला होतात. मिस्त्री म्हणाले होते, सेठ, एवढं कोण बघतं? तुम्ही म्हणालात, "वरून काय, कोणीही धुतो. आतून धुतली तर ती आपली गाडी." गिऱ्हाइकांच्या गाड्या तुम्ही वरून धुऊन दिल्यात, जन्मभर. आतून फक्त घरच्या. ही तुमची रीत सगळ्या गॅरेजला माहीत होती, मलाही. आणि ज्याला गाडी म्हणजे इंजिन, चेन, पत्रा एवढंच ठाऊक, त्याला सीटखाली काय असतं आणि त्याला पाणी का सोसत नाही हे कळणार तरी कसं, असं वकील म्हणते. रांगेत पुढे लावली होती, हार जाड होता, हेही म्हणते.

आईनं हेच एका वाक्यात सांगितलं होतं. मी तुम्हाला शिव्या देत होते तेव्हा ती म्हणाली, "आतून धुतली ना तुजी गारी? मंजे मान दिला तुला. त्याला तेवराच येतो." आणि मग खोकत राहिली.

तिला पटलं होतं. मला नाही. मी फिर्यादीही आहे, आणि फिर्यादी विचारते, दोनदा सांगूनही का? मी बाजारात गेलेली वेळ का निवडलीत? शिवणयंत्र म्हणत होतात त्याला एका सकाळीत मान द्यावासा का वाटला? ज्या गाडीला प्लग नाही, ऑइल नाही, तिच्यापुढे गॅरेजवाल्याचं काय होणार हे तुम्हाला त्या पहिल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून तुम्ही हसला नव्हतात. घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो. आणि मानच द्यायचा होता तर "मेली की ही" का म्हणालात? साधं "चुकलं" म्हणायला काय झालं होतं? तो शब्द तुमच्याकडून आई जिवंत असताना यायला हवा होता. ती तो न मागता गेली. मी मागते आहे.

तर माझी मागणी. नुकसानभरपाई नको. एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत बसतं. त्या दिवशी सीट उघडी का होती? बुडवायला की धुवायला? गोलमाल नको, पाना शोधायला उठू नका, आणि "वरून काय, कोणीही धुतो" हे उत्तर धरलं जाणार नाही.

एक्स्चेंजमध्ये नियम होता, मुदतीत समोरच्याचं उत्तर आलं नाही तर फाइलमध्ये जे शेवटचं निवेदन असेल तेच ग्राह्य धरून प्रकरण बंद करायचं. शेवटचं निवेदन आईचं आहे. म्हणजे तुम्ही गप्प बसलात, आणि गप्प बसण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, तर मला तिचं म्हणणं मानावं लागेल, फोटो खाली उतरवून भिंतीवर लावावा लागेल आणि त्याला हारही घालावा लागेल. माझी त्याला तयारी नाही. म्हणून उत्तर हवं आहे. तुम्ही लिहा की बुडवायला. मी उरलेलं आयुष्य निवांत काढीन.

हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही. पत्ता गॅरेजचाच घालावा लागेल आणि पोस्टमन ते मलाच आणून देईल. तेव्हा ते फोटोच्या मागे ठेवते आहे. फोटो काल माळ्यावरून खाली आणला, निव्वळ तुम्हाला हे पोचावं म्हणून. काचेवर धुळीचा थर होता, तो पुसला. तरी चेहरा धूसरच दिसत होता. मग फ्रेमचे खिळे काढले, काच सुटी केली आणि आतूनही पुसली. फडकं कोरडं होतं. तुमच्यासारखी चूक मी करणार नाही.

यावरून कसलाही अर्थ काढू नये. उत्तर लेखी हवं, तुमच्या हस्ताक्षरात, सात ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या आत. तुमच्या घड्याळातले सहा चालतील.